सेल्फ मारला तरी गाडी चालू होईना: जुन्या छोट्या गाडीची क्रमाने तपासणी

मराठवाड्यात दाराशी उभी असलेली जुनी अल्टो किंवा वॅगन आर ही चैन नसते. तालुक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत राहणाऱ्या घरात रात्री दोन वाजता बाईला कळा सुरू झाल्या किंवा म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड गाठायला तीच गाडी लागते. त्या वेळी ती चालू झाली नाही तर एवरेज किती देते, सीट कव्हर कसलं आहे याला काही अर्थ उरत नाही. म्हणून माझ्या लेखी जुन्या गाडीची पहिली परीक्षा एकच: थंड असो, तापलेली असो, चार दिवस उभी असो, ती चालू होते का?

गाडी चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो, ‘बॅटरी बदला.’ नवी बॅटरी टाकली की गाडी महिनाभर बरी चालतेही, कारण ताजी बॅटरी खरा दोष काही दिवस रेटून नेते. मग पुन्हा तेच. मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) खोलला जातो, मग ठिणगीची कॉइल बदलली जाते, आणि बिघाड जिथे होता तिथेच राहतो. आधी मोजायचं, मग बदलायचं, हा क्रम पाळला तर बराच खर्च वाचतो. त्यासाठी लागतं काय? तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, वायर ब्रश, टॉर्च, आणि चावी फिरवायला एक माणूस.

आधी कान द्या

बॉनेट उघडण्याआधी चावी फिरवून काय आवाज येतो ते नीट ऐका. अर्धं निदान इथेच होतं.

डॅशबोर्डचे दिवेच लागत नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल निसटलं आहे किंवा मेन फ्यूज गेला आहे. दिवे लागतात, पण चावी फिरवताच मंद होतात आणि भराभर ‘टक-टक-टक’ येतं, तर करंट कमी पडतोय: बॅटरी अशक्त आहे किंवा वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहतात, एकच जोराचा ‘टक’ होतो आणि पुढे शांतता, तर संशय सेल्फवर जातो. काहीच आवाज नाही पण दिवे लख्ख आहेत, तर सेल्फचा रिले (करंट जोडणारा छोटा स्विच), त्याचा फ्यूज, सोलेनॉइडची (सेल्फवरच्या चुंबकी स्विचची) बारीक वायर किंवा इग्निशन स्विच बघा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि सेल्फचा रिले एकाच नंबरचा असतो. अदलाबदल करून पाहिली की रिलेचा प्रश्न मिनिटात सुटतो.

सेल्फ ‘घुंऽऽ’ असा रिकामाच फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनाशी जोडणारं दातेरी गिअर) गेलं आहे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजले आहेत. आणि इंजिन नेहमीसारखं कर-कर फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फला दोष देणं थांबवा. तिथे प्रश्न पेट्रोलचा किंवा ठिणगीचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

एक सूचना आत्ताच: सलग पाच-सात सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. चिडून सेल्फ मारत राहिलं की सेल्फच्या आतलं आर्मेचर तापतं, बॅटरी उतरते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड-ॲसिड बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. आतली प्लेट झिजते, पाणी उडून जातं. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी ओढून नेते. मग परभणी-नांदेडकडे थंडीची लाट येते, ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि सकाळी गाडी ‘कुंऽऽ’ करून बसते. लोक थंडीला दोष देतात. प्रत्यक्षात नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या आसपास, थंडी पडण्याआधी करावी.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले की ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. आमच्या हवेत चांगली बॅटरी १० च्या वरच राहायला हवी. गाडी चालू झाल्यावर, हेडलाइट आणि पंखा लावून, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा, नवी बॅटरी टाकून उपयोग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला आहे, तो बॅटरी उकळून टाकेल.

एक मेख आहे. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी मीटरवर सारखीच दिसते. आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा, मग सेल्फची परीक्षा घ्या. तरीही ९.६ च्या खाली गेली तरच ती बदलायची. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी तर नकोच, आरओचंही नको.

खार आणि अर्थिंग

इथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष इथेच असतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार जमलेला वरून दिसतो, तो सगळे पुसतात. खरा अडथळा दिसत नाही: टर्मिनलच्या कड्याच्या आतल्या बाजूला, शिशाच्या खुंटीला चिकटून काळपट थर बसतो. मीटरवर बारा व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण मीटरला करंट लागतच नाही. सेल्फला मात्र छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर अँपिअरच्या वर करंट ओढायचा असतो, आणि तो त्या थरातून जात नाही.

आधी वजा टर्मिनल काढा, मग अधिक. लावताना उलट: आधी अधिक, मग वजा. पाना अधिकवर असताना बॉडीला टेकला तर ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी खारावर टाकलं की तो फसफसून सुटतो; ते पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका. कडं आतून आणि खुंटी बाहेरून वायर ब्रशने चकचकीत करा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलिन लावा. हाताने फिरवून टर्मिनल हललं तर ते अजून सैल आहे. कड्यात पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकून काम भागवलेलं दिसलं तर सरळ नवं टर्मिनल टाका.

मग अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत यायची वाट. बॅटरीच्या वजा टोकाकडून एक जाड वायर बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला किंवा इंजिनला जाते. गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट चिखल, काळ्या मातीची धूळ आणि ऑइल यांच्या लगद्याखाली दबलेला असतो. त्याची परीक्षा अशी: मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीवर (कड्यावर नव्हे, खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढी ताकद वाटेतच वाया जातेय. तशीच परीक्षा अधिक खुंटी आणि सेल्फच्या जाड बोल्टमध्ये घ्या.

आमच्या शेजारच्या काकांच्या वॅगन आरचं हेच झालं होतं. बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त, तरी सकाळी टक-टक. मीटर लावला तर इंजिन आणि वजा खुंटीत दोन व्होल्टच्या जवळपास फरक. गिअरबॉक्सवरचा बोल्ट खोलला तेव्हा वायरच्या डोळ्याखाली गंजाचा पापुद्रा निघाला. घासून आवळल्यावर गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. काका नुसते म्हणाले, “अन् मी बॅटरीवाल्याशी भांडत होतो!”

एवढं सगळं ठीक असूनही एकच ‘टक’ येत असेल, तर कुणाला तरी चावी धरून ठेवायला सांगा आणि गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, सेल्फच्या पोटावर पान्याच्या मुठीने हलकेच ठोका. चालू झाली तर आतले कार्बन (करंट पोहोचवणारे ब्रश) झिजले आहेत. ते बदलून मिळतात, अख्खा सेल्फ टाकायची गरज नसते. तालुक्याच्या गावातला गाड्यांचा वायरमन हे काम एका दिवसात करतो.

चार दिवस उभी राहिली की उतरते

गाडी बंद, चावी काढलेली, तरी काहीतरी करंट पितंय. वजा टर्मिनल सोडवून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून सुटलेलं टर्मिनल आणि वजा खुंटी यांच्या मध्ये जोडा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ किंवा हेडलाइट अजिबात लावू नका, मीटर जळेल. हिशेब सोपा आहे: ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ०.३ अँपिअरची गळती, म्हणजे पाच दिवसांत ती कोरडी, आणि दोन-तीन दिवसांतच सेल्फ ओढण्याच्या लायकीची राहत नाही. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक, जीपीएस किंवा डिकीचा न विझणारा दिवा असतो.

उंदरांचं वेगळं सांगायला हवं. कापूस घरात आला, सोयाबीनची पोती भरली की उंदीर येतात, आणि थंडीत त्यांना गरम इंजिनासारखी जागा नाही. एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं सापडणं आपल्याकडे नवलाचं नाही. काल ठीक असलेली गाडी आज अचानक चालू होत नसेल, तर टॉर्च घेऊन इंजेक्टर आणि सेन्सरच्या बारीक वायरी आधी बघा. गोदामाला लागून गाडी उभी करू नका, बॉनेटखाली चिंध्या ठेवू नका.

इंजिन फिरतं पण पकडत नाही

चावी ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान द्या. दोन सेकंद ‘झूंऽ’ असा फ्युएल पंपाचा आवाज यायला हवा. आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, मग पंप. आवाज येतो पण सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो? तीन वेळा चावी ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर रात्रभरात लाइनमधला दाब उतरतोय: पंपातला व्हॉल्व्ह किंवा एखादा गळका इंजेक्टर.

पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्या गाडीचा पंप लवकर जातो, आणि सीएनजीच्या गाड्यांत हे सर्रास होतं. बहुतेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. मालक टाकीत जेमतेम लिटरभर जुनं पेट्रोल ठेवतात आणि मग म्हणतात, गॅस किट खराब आहे. पाव टाकी ताजं पेट्रोल ठेवा.

आता पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं, टाकीतला जुना गाळ सुटा करून फिल्टरमध्ये आणतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याच्यासाठी बनवलेले नसतात. जुनी गाडी असेल तर पाइपांना भेगा पडल्यात का, पेट्रोलचा वास येतो का हे वरचेवर बघा. गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

पंप चालतोय तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही किंवा इंजिन पेट्रोलने भरलंय. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोलच पोहोचत नाही. इंजिन भरलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल निघून जातं.

डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरीपासून बचावाची यंत्रणा) चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरायला लागलं असेल तर सेल्फ मारणं थांबवा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) तुटला असू शकतो. मारुतीच्या जुन्या ८००, अल्टो ८०० यांच्या ७९६ सीसी इंजिनाला आणि जुन्या सँट्रोला बेल्ट असतो, मारुतीच्याच के-सिरीज इंजिनाला चेन.

धक्का स्टार्ट ही अडीअडचणीची सोय आहे, रोजची सवय नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं वाटोळं करतं. एएमटी (आपोआप बदलणाऱ्या) गिअरच्या गाडीला तर धक्का देऊन उपयोगच नाही.

तापल्यावर चालू न होणारी गाडी

सकाळी मस्त, पण बीडच्या बाजारात दुपारी अर्धा तास थांबवली की चालू होत नाही, वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा). तापला की सिग्नल सोडतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर संशय पक्का होत जातो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर पी-०३३५ हा कोड दिसू शकतो. त्यानंतर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, आणि झिजलेला सेल्फ, जो गरम झाला की जड होतो.

मुळात गाडी तापतेच का, हाही प्रश्न विचारा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायची सवय घातक आहे. नळ्यांत क्षार बसतात, पाणी फिरत नाही, आणि एक दिवस हेड पॅकिंग (इंजिनाच्या वरच्या भागाची सील) उडतं. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आत पांढरा थर, गंजाचा चिखल किंवा तेलाचा तवंग दिसला तर गाडीचा इतिहास कळला.

विकत घ्यायला जाताना

फोनवरच सांगा, “भाऊ, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गाडी तापवून ठेवणारा विक्रेता थंड असताना चालू न होण्याचा दोष लपवतोय असं समजायला हरकत नाही.

थंड गाडीचा सेल्फ स्वतः मारा, मागे माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, न थांबणारा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली साय आल्यासारखा पांढुरका लेप असेल तर तेल-पाणी एक झाल्याचा संशय घ्या. मग किमान तासभर चालवा, कन्नडच्या नाहीतर मांजरसुंब्याच्या घाटासारखा चढ मिळाला तर उत्तम. एसी लावा, काटा बघा. परत आल्यावर बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. ही दुसरी परीक्षा बहुतेक जण घेतच नाहीत.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर २०१३ नंतरच्या गाडीला लावून बघा. ‘कोड नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही बऱ्याच गाड्या दाखवतात. आकडा पाच-दहा किलोमीटर असेल तर कुणीतरी सकाळीच पुसलेत.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात सीना, मांजरा, गोदावरीचं पाणी गावांत शिरलं. मुंबई-पुण्याच्या पावसात बुडालेल्या गाड्याही पुसून-घासून इकडे येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; शेवटच्या फुटात मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट बघा, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट खार आहे का बघा. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगचे दोष दोन-दोन वर्षं डोकं वर काढत राहतात.

बॅटरी जुनी, कार्बन झिजलेले, प्लग संपलेले: हे चालतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. निळा धूर, तेल-पाणी एक होणं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी: इथे सौदा सोडा.

कागदांत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचा फॉर्म २८ लागतो का, ते आपल्या आरटीओत आधी विचारा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली खासगी गाडी असेल तर फेरनोंदणीचा खर्च धरा, ती पाच वर्षांसाठी होते आणि त्याआधी गाडी तपासली जाते. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद हवी आणि टाकीची तीन वर्षांच्या आतली चाचणी हवी. दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इमोबिलायझरची दुसरी चावी नंतर बनवायला बरेच पैसे जातात.